अलास्का क्रूझ, आईबाबा आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स: बोटीवर आजारी पडलं तर नक्की काय होतं?

केतकी_सिॲटल

नमस्कार मंडळी. शोधून बघितलं पण क्रूझच्या धाग्यांवर बफेचे आणि सूर्यास्ताचे फोटोच जास्त सापडले म्हणून नवीन धागा काढतेय.

आईबाबा जूनमधे पुण्याहून इकडे येतायत आणि ऑगस्टमधे आम्ही सगळ्यांनी मिळून सिॲटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ करायची असं चाललंय. जुनो, स्कॅगवे, केचिकान आणि परतताना व्हिक्टोरिया. बाबा ७१ चे आहेत, काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय, दोन स्टेंट, शुगर गोळ्यांवर, बीपी कंट्रोलमधे. आई ६७, गुडघे सोडले तर ठणठणीत. पुण्यातल्या एजंटने ५० हजार डॉलरची एक पॉलिसी सुचवलीय आणि मी फोनवर विचारलं तर म्हणाला मॅडम टेन्शनच घेऊ नका, क्रूझबिझ सगळं कव्हर आहे. पण त्याने पाठवलेलं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं, त्यात क्रूझ हा शब्दच नाहीये. सामान हरवलं, पासपोर्ट हरवला, विमानाला उशीर झाला, हे सगळं आहे. वर तो असंही म्हणाला की अँजिओप्लास्टीचं फॉर्मवर लिहू नका, प्रीमियम उगाच वाढेल.

तर बोटीवरच्या डॉक्टरकडे जावं लागलं तर हे इन्शुरन्सवाले पैसे देतात का, बाबांना काही झालं तर हेलिकॉप्टर वगैरे प्रकार खरंच असतो का आणि त्याचे पैसे कोण भरतं, आणि पॉलिसी भारतातून घ्यावी की इथे आल्यावर इथली व्हिजिटर पॉलिसी घ्यावी? नवरा म्हणतो क्रूझ कंपनीचाच इन्शुरन्स बुकिंग करताना टिक करून टाकू, संपला विषय.

तर्री_जास्त

अहो एवढं काय घाबरायचं. आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन सिंगापूरहून पेनांग-फुकेत केली, कुणाला शिंकसुद्धा आली नाही. बोटीवर डॉक्टर असतो की. गोळ्या घ्या, बोट लागू नये म्हणून एव्होमिनची स्ट्रिप घ्या, मजा करा.

पॉलिसीवाचक

तर्रीसाहेब, काही झालं नाही त्यांना पॉलिसी कशीही असली तरी चालतेच हो, प्रश्न ज्याला झालं त्याचा असतो.

केतकी, माझी बरीच वर्षं क्लेमच्या टेबलावर गेली आहेत त्यामुळे जरा लांबण लावतो. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल साध्या तापा-खोकल्याला शे-दोनशे डॉलर, सलाईन-इंजेक्शनं लागली, एक-दोन दिवस तिथल्या बेडवर ठेवलं तर हजारांत. हे पैसे तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतात आणि बोट सोडताना क्रेडिट कार्डावरून जातात. तिथे कॅशलेस वगैरे काही नसतं, आधी भरायचे मग क्लेम करायचा. दुखतं खिशाला, पण झेपतं. खरा दणका बसतो तो डॉक्टर म्हणाला की आता यांना बोटीवर ठेवता येणार नाही, पुढच्या बंदरात उतरवा.

अलास्कात ते जास्त महाग का पडतं ते नकाशात बघा. जुनो राज्याची राजधानी, पण तिथे रस्त्याने पोचताच येत नाही, एक तर बोट नाहीतर विमान. तिथे आणि केचिकानला बऱ्यापैकी हॉस्पिटल आहे, स्कॅगवेला फक्त क्लिनिक. हृदयाचं मोठं काही निघालं तर तिथून एअर ॲम्ब्युलन्सने सिॲटल नाहीतर अँकरेज. आत नर्स, व्हेंटिलेटर, सगळी तयारी असलेलं छोटं जेट असतं ते, त्याचं बिल हजारांच्या नाही, दहा-दहा हजारांच्या पटीत मोजायचं, आणि एक लाखाच्या वर गेलेली बिलंही मी बघितलीत. तेव्हा ५० हजारांची पॉलिसी या ट्रिपला पुरत नाही, अमेरिकेत तर बोटीवर पाऊल न ठेवताही पुरत नाही. अडीच लाख डॉलरची तरी घ्या, पाचची मिळाली तर पाचची. आणि इव्हॅक्युएशनची, म्हणजे रुग्णाला हलवण्याची, रक्कम त्याच लाखांतून कापली जाते की वेगळी धरलीय ते बघा.

आता फॉर्म. अँजिओप्लास्टी लिहायचीच. एजंट लिहू नका म्हणतो कारण त्याचं कमिशन पॉलिसी विकली की मिळतं, क्लेम त्याला भरायचा नसतो. छातीत दुखून ॲडमिट झालं की कंपनी पहिली गोष्ट मागते ती जुनी हिस्टरी, आणि अमेरिकेतला डॉक्टर पेशंटला विचारून पहिल्याच ओळीत लिहितो, दोन स्टेंट, अमुक साल. तुम्ही लपवलेलं तिथे छापून येतं. मग पॉलिसी पाच लाखांची असली काय नि पन्नास हजारांची असली काय.

लिहिलं म्हणजे सगळं मिळतं असंही नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्लॅनमधे आधीपासूनच्या आजाराला कव्हर जीवावर बेतलं तरच, आणि तेही तब्येत स्थिर होईपर्यंतच. त्यापुढचे उपचार भारतात येऊन करा म्हणतात. काही प्लॅनमधे त्यासाठी वेगळी, बरीच कमी रक्कम लिहिलेली असते. दुसरं, साठीच्या पुढच्यांसाठी सब-लिमिट हा प्रकार असतो. म्हणजे वर मोठ्या अक्षरात अडीच लाख, आणि आत आयसीयूला रोजचे इतके, सर्जनला इतके, ॲम्ब्युलन्सला इतके. अमेरिकेतल्या आयसीयूच्या एका दिवसात ते इतके उडून जातात. सब-लिमिट नसलेला प्लॅन मागा, महाग पडेल, पण तोच घ्या.

राहिलं क्रूझ हा शब्द. पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग मागवा, माहितीपत्रक नाही, ती तीस-चाळीस पानांची पीडीएफ. त्यात तीन ठिकाणी बघा: भौगोलिक हद्दीत अमेरिका आणि कॅनडा दोन्ही आहेत का, कारण व्हिक्टोरिया कॅनडात आहे. हॉस्पिटलची व्याख्या काय केलीय, बोटीवरचं मेडिकल सेंटर त्यात बसतं का. आणि वगळलेल्या गोष्टींत जहाज, समुद्रप्रवास असलं काही आहे का. मग कंपनीला, एजंटला नाही, सरळ ईमेल टाका की प्रवासी क्रूझ जहाजावरच्या मेडिकल सेंटरमधले उपचार आणि तिथून रुग्णाला हलवण्याचा खर्च या पॉलिसीत येतो का, हो किंवा नाही कळवा. आलेलं उत्तर जपून ठेवा.

जुना_दर्यावर्दी

मी मालवणचा, क्रूझवर हाऊसकीपिंगात होतो, आता घरी होमस्टे चालवतो. कागदाचं वरच्या साहेबांनी सांगितलंन, मी बोटीवरचं सांगतो.

मेडिकल सेंटर खालच्या डेकवर असतं, साधारण मधे, कारण तिथे बोट कमी हलते आणि गँगवे, म्हणजे चढाउतरायचा दरवाजा, जवळ, स्ट्रेचर पटकन बाहेर काढता येतो. सकाळ-संध्याकाळ ओपीडीची वेळ, बाकी वेळ नर्स ड्यूटीवर, आणि वेळेबाहेर उठवलंत तर फी जास्त. डॉक्टर साऊथ आफ्रिका, फिलिपिन्स, कोलंबिया असे कुठलेकुठले, पण इमर्जन्सीत तयार असतात. ईसीजी, एक्स-रे, रक्ताच्या साध्या तपासण्या, हृदयाला शॉक देणारं डीफिब, व्हेंटिलेटर, हार्ट अटॅकला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, एवढं मोठ्या बोटीवर असतं. अँजिओप्लास्टी होत नाही, सीटी स्कॅन नाही, रक्तपेढी नाही. म्हणजे वेळ निभावून न्यायची आणि किनाऱ्याला द्यायचं, एवढंच काम.

हेलिकॉप्टर सिनेमात दिसतं तेवढं येत नाही. किनाऱ्यापासून किती लांब, वारा किती, पेशंटला दोराने वर ओढणं झेपेल का, हे सगळं बघून कॅप्टन, बोटीचा डॉक्टर आणि कोस्ट गार्डवाले मिळून ठरवतात. बरेचदा बोट वेग वाढवून बंदर गाठते तेच बरं पडतं. तुमच्या अलास्काच्या त्या पट्ट्यात कोस्ट गार्डची हेलिकॉप्टरं सिटकाला असतात आणि अमेरिकन कोस्ट गार्ड उचलून नेण्याचे पैसे लावत नाही. पैसे सुरू होतात ते त्यांनी हॉस्पिटलच्या दारात सोडल्यावर.

आणि उतरवणं कसं असतं ते कुणी सांगत नाही. रात्री दोनला निर्णय होतो, सकाळी सहाला बोट धक्क्याला लागते, आम्हाला वरून फोन येतो की अमुक केबिन पॅक करा. आम्ही दोघंजण जाऊन कपाटं, बाथरूम, तिजोरी, उशीखालची जपमाळ, सगळं बॅगांत भरायचो, दुसरा क्रू साक्षीला. एकदा एका आजींचं मंगळसूत्र चष्म्याच्या घरात सापडलं, घर रिकामं समजून बाजूला टाकलं असतं तर? तेव्हा औषधं, कागद, दागिना, चार्जर एका छोट्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या दोघांना माहीत असू दे. पेशंटबरोबर नवरा किंवा बायको उतरतात, बाकीचे पुढे गेले तरी चालतं. बंदरात कंपनीचा पोर्ट एजंट असतो, तो हॉस्पिटल-हॉटेलची गाठ घालून देतो पण बिल भरत नाही. आणि राहिलेल्या क्रूझचे पैसे कुणी परत देत नाही, पॉलिसीत ट्रिप इंटरप्शन, म्हणजे ट्रिप मधेच तुटल्याचं कव्हर, असेल तरच.

आणखी एक, जुलाब-उलट्या. लोक लपवतात, कारण सांगितलं की केबिनमधे बंद. लक्षणं थांबल्यावरसुद्धा एक-दोन दिवस बंद ठेवतात. जेवण दारात, कपडे वेगळ्या पिशवीत, केबिन धुताना आम्ही पूर्ण गाऊन-ग्लोव्हज घालून. पण लपवून बफेला गेलात की तिसऱ्या दिवशी अर्धा डेक आजारी, मग बफेचे चमचे काढून घेतात, जेवण क्रू वाढतो, आणि सगळ्यांच्या ट्रिपची वाट. बऱ्याच कंपन्यांत या तक्रारीची तपासणी फुकट असते हेही लोकांना ठाऊक नसतं. आणि जागोजागी असलेली ती सॅनिटायझरची बाटली या जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरसला फारशी दाद देत नाही, साबणाने घसघसून हात धुवा.

न्यूजर्सीचे_आजोबा

दर्यावर्दींनी छान लिहिलं आहे. माझी थोडी पुरवणी, जे भारतीय इथे नागरिक होऊन पासष्टी ओलांडून बसलेत त्यांच्यासाठी.

मेडिकेअर, म्हणजे इथला पासष्टीपुढचा सरकारी आरोग्य विमा, आहे म्हणून क्रूझला निर्धास्त जाऊ नये. बोट अमेरिकेच्या हद्दीतल्या पाण्यात असेल आणि अमेरिकन बंदरापासून सहा तासांपेक्षा लांब नसेल तरच बोटीवरच्या उपचारांचे पैसे मिळतात, पुढे गेली की शून्य. मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरला जोडून घेतलेली खाजगी पॉलिसी, असेल तर त्यातले काही प्लॅन, जी आणि एन धरून, परदेशातल्या इमर्जन्सीचे ८० टक्के देतात, पण आधीचे २५० डॉलर आपले आणि आयुष्यभराची मर्यादा ५० हजार. त्यात एअर ॲम्ब्युलन्सची एक फेरीसुद्धा होईलच असं नाही.

इथल्या रहिवाशांना ट्रॅव्हल इन्शुरन्समधे जुन्या आजाराची अट माफ करून मिळते, मात्र क्रूझचा पहिला हप्ता भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांच्या आत पॉलिसी घ्यावी लागते. आमच्या मंडळातले निम्मे लोक निघायच्या आदल्या आठवड्यात घेतात आणि मग ती सवलत गेलेली असते. केतकी, तुम्हा नवराबायकोला हे लागू आहे, आईवडिलांना नाही कारण ते इथले रहिवासी नाहीत.

क्रूझ कंपनीच्या इन्शुरन्सबद्दल, तुमच्या यजमानांना सांगा की तो मुख्यतः रद्द करण्यासाठी ठीक आहे. मेडिकलची रक्कम बहुधा दहा ते पंचवीस हजारांच्या आसपास असते, इव्हॅक्युएशनचीही तोकडीच.

वैद्यबुवा

मी फिजिशियन, नागपूर. इन्शुरन्समधलं मला शून्य कळतं, पेशंटबद्दल लिहितो.

बाबांचा अगदी अलीकडचा ईसीजी काढून त्याचा स्वच्छ फोटो त्यांच्या आणि तुमच्या फोनमधे ठेवा. स्टेंटवाल्या माणसाच्या ईसीजीत जुने बदल असू शकतात, आणि बोटीवरच्या डॉक्टरला तुलनेला जुना कागद नसेल तर त्याला प्रत्येक बदल नवा धरावा लागतो. मग साध्या ॲसिडिटीवरसुद्धा पेशंट बंदरात उतरवला जातो. त्याच्यासोबत अँजिओप्लास्टीची डिस्चार्ज समरी, स्टेंट कार्ड, इकोचा रिपोर्ट, आणि औषधांची यादी जेनेरिक नावांनी. आपल्या ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत.

शुगरची गोळी कुठली ते बघा. नाव ग्लिफ्लोझिनने संपत असेल, डापा, एम्पा वगैरे, तर जुलाब-उलट्यांत शरीर कोरडं पडलं असताना ती चालू ठेवणं धोक्याचं असतं, मेटफॉर्मिनचंही तसंच. आजारी पडलं तर कुठली गोळी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची हे त्यांच्या डॉक्टरकडून निघायच्या आधी कागदावर लिहून घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. एव्होमिनने झोप येते, तोल जातो, या वयात रात्री बाथरूमला जाताना बोट हलत असेल तर पडण्याचीच भीती जास्त. ती आधी घरी एकदा घेऊन बघा.

औषधं चेक-इनच्या बॅगेत नको, ती बॅग केबिनवर संध्याकाळपर्यंत येत नाही.

तर्री_जास्त

बरं बुवा, माघार. पण मग मुंबई-गोवा क्रूझला पण असंच का? भावाचं लग्नाच्या वाढदिवसाचं चाललंय.

पॉलिसीवाचक

@तर्री, ती देशातली ट्रिप. गोव्यात किंवा कोचीला उतरून हॉस्पिटलात ॲडमिट झाला तर नेहमीचा मेडिक्लेम चालेल, बोटीवरची ओपीडी स्वतःच्या खिशातून, मेडिक्लेममधे ओपीडी घेतली असेल तर विचारून बघा. बोट तिथे परदेशात शिरत नाही त्यामुळे फार डोकं लावू नका.

@केतकी, भारतातली की इथली हा तुमचा प्रश्न राहिलाच. भारतातली घ्यायची तर आईबाबा निघायच्या आधीच, इकडे पोचल्यावर ती मिळत नाही. इथल्या व्हिजिटर पॉलिसीत आधीच्या आजाराचं 'अक्यूट ऑनसेट' नावाचं कलम असतं, म्हणजे अचानक, काही पूर्वसूचना नसताना झालं आणि २४ तासांत डॉक्टर गाठला तर. सत्तरीनंतर बऱ्याच प्लॅनमधे त्याची रक्कम धाडकन खाली येते किंवा कलमच गळतं. बाबा ७१, म्हणजे त्याच कड्यावर. फायदा एवढा की हॉस्पिटल थेट त्यांना बिल पाठवतं आणि नेटवर्कचे दर लागतात. फिक्स्ड बेनिफिटवाली स्वस्त दिसते ती घेऊ नका, तिच्यात प्रत्येक गोष्टीला ठरलेले डॉलर असतात. कॉम्प्रिहेन्सिव्हच.

कुठलीही घ्या, हॉस्पिटलात जायच्या आधी किंवा पोचल्यावर लगेच विमा कंपनीच्या असिस्टन्सच्या नंबरवर फोन करून केस नंबर घ्यायचा. एअर ॲम्ब्युलन्स त्यांच्या परवानगीशिवाय बुक केली तर पुढे पैसे अडतात. अमेरिकन हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत पैशाअभावी हाकलून देत नाहीत, १९८६ पासून तसा कायदाच आहे, त्यामुळे फोन लागेपर्यंत उपचार अडणार नाहीत. आणि बोट सोडायच्या आत मेडिकल रिपोर्ट, तपशीलवार बिल, पावती हातात घ्या. घरी आल्यावर त्या कागदांसाठी जहाज कंपनीशी ईमेल-ईमेल खेळण्यात महिने जातात.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील नाही, नकारापासून वर्षभराच्या आत जायचं, ५० लाख रुपयांपर्यंतचा निवाडा देऊ शकतात. हे फक्त भारतातल्या कंपनीसाठी, आणि माझ्या मते भारतातली घेण्याचं तेही एक कारण आहे.

केतकी_सिॲटल

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः दर्यावर्दी काका, ती पिशवी आत्ताच ठरवून टाकली.

वर्डिंग मागवलं. एजंट आधी म्हणाला तसं काही नसतं, मग कंपनीच्या वेबसाइटवरच सापडलं. भौगोलिक हद्द बरोबर आहे, पण सब-लिमिटचं आख्खं पान निघालं, साठीच्या पुढच्यांसाठी, आयसीयूचा रोजचा आकडा बघून नवऱ्याने सॅलडचा काटा खाली ठेवला. आता बाबांसाठी सब-लिमिट नसलेली पाच लाखांची दुसऱ्या कंपनीची बघतोय, अँजिओप्लास्टी लिहून. त्यांनी रिपोर्ट मागितलेत, प्रीमियम बराच चढलाय. बाबा म्हणतायत एवढ्यात माझं काशी-रामेश्वर होईल. क्रूझबद्दल ईमेल टाकलीय, उत्तर आलं की इथे लिहिते.

आईची ५० हजारांचीच ठेवावी का वाढवावी?

पॉलिसीवाचक

वाढवा. गुडघेवाली माणसंच ओल्या डेकवर घसरतात, आणि हिप फ्रॅक्चरचं बिल स्टेंटपेक्षा कमी नसतं.

न्यूजर्सीचे_आजोबा

एक राहिलं. व्हिक्टोरिया थांब्यामुळे आईवडिलांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागेल, अमेरिकेचा असला तरी. नसेल तर बोटीवर चढूच देत नाहीत आणि ते पैसे सहसा इन्शुरन्समधे मिळत नाहीत. बायोमेट्रिक्स लागतात, पुण्यात असतानाच अर्ज करून टाका.